मोह, परीक्षा आणि संमती : ख्रिस्ती परंपरेतील सैतानविचार

दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि तिच्यापायी राज्यावर मरी ओढवली, ही कथा जुन्या करारात दोनदा येते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २४) दाविदाला ह्या कृत्यास प्रवृत्त करतो तो परमेश्वराचा कोप. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २१), म्हणजे बऱ्याच उत्तरकालीन लेखनात, त्याच जागी सैतान उभा आहे. घटना तीच; वाक्यातील कर्ता मात्र बदलला. मोहासंबंधीचा ख्रिस्ती विचार बहुतांशी ह्या बदललेल्या कर्त्याभोवती फिरतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मनुष्याला दुष्कृत्याकडे ओढणारा कोण, आणि ओढल्या जाणाऱ्याचा त्यात वाटा किती, हे ते दोन प्रश्न होत. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते; दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट. हिब्रूतील ‘सातान’ हे मूळचे सामान्यनाम. त्याचा अर्थ ‘विरोधक’, ‘प्रतिपक्षी’. ईयोबाच्या पुस्तकात ते निश्चयवाचक उपपदासह येते, आणि तेथील सैतान हा देवाच्या दरबारातील एक प्रकारचा फिर्यादी आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘दियाबोलोस’, म्हणजे ‘निंदक’ किंवा ‘चहाडखोर’, हा शब्द योजला. ‘दाइमोन’ ह्या शब्दाची कथा वेगळी. ग्रीकांच्या मते दाइमोन हा देव व मनुष्य ह्यांच्यामधला एक सत्त्वविशेष. तो भला असू शके आणि बुराही. सॉक्रेटिसाला वेळोवेळी आवरणारा आंतरिक संकेत ह्याच शब्दकुलातील नावाने ओळखला जाई. परंतु यहुदी व त्यामागून ख्रिस्ती लेखकांनी परक्यांच्या दैवतांना हे नाव दिले आणि शब्दातील भलेपण कायमचे नाहीसे झाले. अशी स्थित्यंतरे अन्यत्रही घडली आहेत. संस्कृतातील ‘देव’ अवेस्तात ‘दएव’ होऊन दुष्टशक्तिवाचक बनला, हे सर्वज्ञात आहे. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात लोकसमजुतीप्रमाणे ‘देवचार’ हा गावाचा राखणदार. ख्रिस्ती कोंकणीत तोच शब्द सैतानाचा वाचक आहे.

शुभवर्तमानांत ह्या शक्तींची दोन कार्ये दिसतात. भुते माणसांना झपाटतात, आजारी पाडतात, मुकी करतात. सैतान मोह घालतो. झपाटलेला मनुष्य तेथे दोषी नसतो, तो पीडित असतो. येशू त्याला बरे करतो, त्याच्याकडून पश्चात्तापाची मागणी करीत नाही. मोहाची गोष्ट निराळी, कारण तेथे मनुष्याच्या उत्तराला अवकाश आहे. सैतान हा देवाच्या तोडीचा दुसरा अनादी देव मात्र नव्हे. तो व त्याचे अनुचर निसर्गतः चांगले निर्माण झाले व स्वतःच्या करणीने दुष्ट झाले, असे लॅटरनच्या चौथ्या परिषदेने १२१५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत मांडले. ज्याला निर्माण करण्यात आले त्याच्या सामर्थ्याला मर्यादा असणारच, हा त्यातील अभिप्राय होय.

खरी अडचण ‘पेइरास्मोस’ ह्या ग्रीक शब्दाची आहे. कसोटी आणि भुरळ हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. देव अब्राहामाची कसोटी पाहतो आणि सैतान अरण्यात येशूला भुलवू पाहतो. क्रियापदाचा धातू एकच. मराठी बायबलात त्यासाठी कोठे ‘परीक्षा’ तर कोठे ‘मोह’ हे शब्द येतात. (परीक्षा म्हटल्यावर विद्यार्थ्याच्या मनात जे येते, ते येथे अभिप्रेत नाही, पण फारसे दूरही नाही.) याकोबाच्या पत्रात देव कोणालाही मोहात घालीत नाही असे ठामपणे सांगितले आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेत तर देवाने आपल्याला पेइरास्मोसमध्ये नेऊ नये अशी विनवणी आहे. जो नेतच नाही, त्याला ‘नेऊ नकोस’ का म्हणावे?

हा केवळ पंडिती वाद नाही. फ्रेंच कॅथलिकांनी डिसेंबर २०१७ पासून ही विनवणी ‘मोहात प्रवेश करू देऊ नकोस’ ह्या अर्थाच्या शब्दांत म्हणण्यास आरंभ केला; इटालियन उपासनाग्रंथात २०२० मध्ये ‘मोहाच्या हाती सोडू नकोस’ असा अर्थ आला. मराठीत ‘पाडणे’ आणि ‘पडू देणे’ ह्यांतील भेद रूपातच उमटतो. अरामी किंवा हिब्रूतील प्रयोजक रूप दोन्ही अर्थ वाहू शकते, व येशूच्या मूळ शब्दांत ‘येऊ देऊ नकोस’ हाच आशय असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते संभाव्य आहे; तथापि उपलब्ध ग्रीक रूप स्पष्टपणे ‘नेऊ नकोस’ असे आहे, आणि मुळातील अडचण भाषांतरात बुजवून टाकणे हे भाषांतरकाराचे काम नव्हे.

प्रतिकाराचा सर्वांत सूक्ष्म विचार विद्यापीठांत झाला नाही, तो इजिप्तच्या वाळवंटात झाला. पोन्तस प्रांतातील एवाग्रिउस (सु. ३४५–३९९) हा कॉन्स्टँटिनोपलमधील विद्वान उपधर्मगुरू. आयुष्याची शेवटची सुमारे सोळा वर्षे त्याने नित्रिया व केल्लिया येथील संन्याशांत काढली. तेथे स्त्री, धन, सत्ता ह्यांपैकी काहीच नव्हते. तरीही मोह होताच. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, संसारी माणसाशी दुष्टात्मे वस्तूंच्या द्वारे झुंजतात, तर एकांतवाश्याशी विचारांच्या द्वारे. अशा विचारांचे त्याने आठ वर्ग केले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, ‘अकेदिया’, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला येथे षड्रिपूंचे स्मरण होईल. परंतु एवाग्रिउसचे लक्ष विकारांच्या यादीपेक्षा त्यांच्या क्रमाकडे व वेळापत्रकाकडे अधिक आहे. कोणता विचार कोणामागून येतो, दिवसाच्या कोणत्या प्रहरी येतो, हे तो टिपून ठेवतो.

अकेदियाचे त्याने केलेले वर्णन ह्या दृष्टीने विलक्षण आहे. सकाळी दहाच्या सुमारास ही अवस्था येते आणि दुपारी दोनपर्यंत छळते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला, असे वाटू लागते. संन्यासी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते न्याहाळतो. मग जागेचा तिटकारा येतो, हातातील काम नकोसे होते, बांधवांतील प्रेम आटले असे वाटते. दुसरीकडे गेल्यास देव काय तेथे नाही, असा साळसूद युक्तिवादही सुचतो. ग्रंथालयात बसलेल्या संशोधकाला ह्यातील एकही लक्षण समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ह्या अवस्थेला त्याने ‘दुपारचा दैत्य’ म्हटले. हे नाव ९१ व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून आलेले आहे. हिब्रू पाठात भर दुपारी उजाड करणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे. ‘उजाड करणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदाच्या जागी भाषांतरकाराने ‘शेद’, म्हणजे भूत, हा शब्द वाचला असावा. एका पाठभेदातून दैत्य जन्मला आणि हजारो संन्याशांना तो प्रत्यक्ष भेटला! योगायोग असा की, अरण्यात येशूला भुलविताना सैतान ज्या स्तोत्राचा आधार देतो, तेही हेच.

त्या प्रसंगी येशूने तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातील वचनांनी उत्तर दिले. तोच नमुना धरून एवाग्रिउसने ‘अन्तिर्रेतिकोस’ नावाचा ग्रंथ रचला. आठ विचारांचे आठ भाग, एकूण सुमारे पाचशे नोंदी. प्रत्येक नोंदीत मनात येणारा विचार आणि त्याच्या तोंडावर उच्चारावयाचे शास्त्रवचन. आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या पद्धतीशी हे साम्य लक्षणीय आहे. भेद एवढाच की येथे पूर्वपक्षी स्वतःच्याच डोक्यात बसलेला असतो. मात्र दैत्याला अंतःकरण वाचता येत नाही, ते केवळ देवाला कळते, असे एवाग्रिउस बजावतो. दैत्य बोलण्यावरून व हालचालींवरून तर्क करतो, एवढेच.

त्याच्या विवेचनातील कळीचे सूत्र निराळेच आहे. विचार मनात यावा की न यावा, हे आपल्या हाती नाही. तो रेंगाळावा की नाही, हे आहे. ऑगस्टिनने लॅटिनमध्ये ह्याच सीमारेषेवर सूचना, सुखावणे आणि संमती अशा तीन पायऱ्या मांडल्या. पाप पूर्ण होते ते तिसऱ्या पायरीवर. ज्याच्या मनात भलतासलता विचार येतो व जो त्यामुळेच स्वतःला पतित समजू लागतो, त्याच्यासाठी हा भेद शाब्दिक नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दुसरी बाजूही पक्की केली: प्रत्येक पाप सैतानाच्या चिथावणीनेच घडते असे नाही, काही पापे मनुष्य आपल्या इच्छेने व देहाच्या ओढीने करतो. त्यामुळे सैतानावर ढकलून मोकळे होण्याची वाटही बंद झाली.

एवाग्रिउसचे पुढे काय झाले? ५५३ च्या परिषदेत ओरिजेनवादाचा निषेध झाला, त्यात त्याचे नावही काळवंडले. काही ग्रंथ निलुस ह्या दुसऱ्या तपस्व्याच्या नावावर टिकले. ‘अन्तिर्रेतिकोस’चे मूळ ग्रीक हरवले, तो आज सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांतून वाचावा लागतो. आठ विचार मात्र कासिआनने गॉलमध्ये नेले आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी ह्याने त्यांची पुनर्रचना केली: गर्वाला सर्वांचे मूळ ठरविले, मत्सर नव्याने घेतला, अकेदिया खिन्नतेत मिळविली. पुढे तिचे नाव ‘आळस’ पडले. हिब्रूवरून केलेल्या आधुनिक भाषांतरांत, मराठीतही, ९१ व्या स्तोत्रात दुपारचा दैत्य आढळत नाही.