स्वस्त प्रिंटर व शाईचा खर्च : गोसीखुर्द परिसरातील घरगुती वापराच्या संदर्भात

घरगुती प्रिंटरच्या किमतीचा विचार शाईच्या खर्चासह करणे आवश्यक ठरते. समजा, यंत्र ३,००० रुपयांचे, कार्ट्रिज ८०० रुपयांचे आणि त्यातून १६० पाने निघतात. म्हणजे कागद वगळता पानामागे ५ रुपये. ६०० पानांतच शाईचा खर्च यंत्राच्या किमतीएवढा होतो.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबास सातबारा, मोबदला व पुनर्वसनविषयक अर्जांच्या प्रती लागतात; पण त्या रोज नव्हे, प्रसंगानुसार. अशा खंडित वापरात शाई सुकून सूक्ष्म छिद्रे बुजतात. ती मोकळी करण्यातही शाईच खर्ची पडते आणि हिशेबातील १६० पाने हाती येतच नाहीत. शाईच्या टाकीचे प्रिंटर पानामागे स्वस्त पडतात खरे. तथापि मुळातच महाग असल्याने ते शाळेला वा सेवा केंद्राला परवडावेत. वर्षाकाठी पन्नास पाने छापणाऱ्या घराने दुकानात पानामागे ५ रुपये दिले तरी यंत्राचे ३,००० रुपये वाचतात.