मोटारीचे सुकाणू जड होते तेव्हा

उभी असलेली मालमोटार जागच्या जागी वळवावयाची म्हणजे पूर्वीच्या चालकाच्या मनगटाची आणि खांद्याची परीक्षाच असे. हे कष्ट हलके करण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने शोधून काढली. मालमोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या या गृहस्थाने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारी रचना एका मोटारीत बसवून दाखविली. एका मोठ्या कंपनीने ती हाती घेतली. परंतु मंदीच्या दिवसांत खर्च परवडेना म्हणून बाजूस सारली. पुढे महायुद्धात लष्करी वाहनांनी तिची उपयुक्तता सिद्ध केली, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीतून ती सामान्य ग्राहकाच्या हाती आली. आज ज्याला आपण पॉवर स्टिअरिंग म्हणतो ते हेच.

त्याचे दुखणे ओळखावयाचे तर त्याचे काम आधी समजले पाहिजे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि टाकीतील तेल दाबाने पुढे ढकलतो. स्टिअरिंगचा दांडा खाली जेथे रॅकला मिळतो तेथे एक बारीक पोलादी सळई असते. चालकाने चाकावर जोर दिला की ही सळई किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडपेची तोंडे उघडतात आणि तेल रॅकमधील दट्ट्याला हव्या त्या बाजूस रेटते. गाडी सरळ जात असली की सळईला पीळ नसतो. तेल निमूटपणे फिरून टाकीत परतते. चाक आणि रॅक यांचा यांत्रिक जोड मात्र कायमच असतो. तेलाची मदत थांबली तरी गाडी वळते, पण फार जोर लागतो.

सुकाणू जड झाले की पंप बिघडला असे ठरवून तो बदलण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. खरे पाहता आरंभ टायरपासून करावा. पुढच्या टायरांत हवा कमी असली तर उत्तम पंपही हतबल होतो, आणि हवा भरण्यास पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर टाकीतील तेलाची पातळी पाहावी, मग पट्टा. चाक पूर्ण वळविताच चिरका आवाज निघत असेल तर पट्टा सैल झाला आहे किंवा झिजला आहे. इंजिन मंद असताना सुकाणू जड आणि वेग वाढविताच हलके होत असेल, आणि पट्टा धड असेल, तर मात्र पंपाचा संशय घेणे रास्त. एकाच बाजूस वळविताना जड लागत असेल तर दोष बहुधा झडपेत किंवा रॅकमधील सीलमध्ये सापडतो. गाडी एका अंगाला ओढते ही तक्रार मात्र निराळी. ती बहुतेक वेळा चाकांच्या अलाइनमेंटची, टायरची किंवा धरून राहिलेल्या ब्रेकची असते.

घूं-घूं असा आवाज येऊन टाकीत फेस दिसला, तर तेलात हवा शिरली आहे असे समजावे. नुसते तेल ओतून भागत नाही. तेल कमी का झाले ते शोधले पाहिजे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला आहे त्यावरून गळती होजची, पंपाची की रॅकची हे कळते. रॅकच्या रबरी बुटात तेल साचले असेल तर आतील सील गेले, आणि ते काम घरी करण्याजोगे नाही. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नये. टायरमधील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो असतो. चाक पूर्ण वळले असता या तेलाचा दाब पुष्कळ गाड्यांत ७० किलोंच्याही वर जातो, आणि अशी बारीक धार कातडीत घुसू शकते.

गळती दुरुस्त झाल्यावर हवा काढावयाची. पुढची चाके जॅकवर उचलून, गाडीला भक्कम टेकू देऊन, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे आणि पातळी घटेल तसे तेल भरत जावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच हवे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. ते या यंत्रातील सील फुगवून निकामी करते. चाक शेवटच्या टोकाला काही सेकंदांहून अधिक वेळ दाबून धरणे ही पंप तापविण्याची हमखास रीत आहे.

अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेल नाही, पंप नाही. विजेची मोटरच मदत करते. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत ही पद्धत आली. येथे दिवा लागून सुकाणू जड झाले तर प्रथम बॅटरी, तिचे जोड आणि फ्यूज तपासावे. अरुंद जागेत गाडी पुन्हा पुन्हा वळविल्याने मोटर तापली तर यंत्र आपण होऊन मदत कमी करते. थोडी विश्रांती दिली की ती परत मिळते.

घाटात पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतरविण्याची सवय काही चालकांना असते. त्यामुळे सुकाणूची मदत जाते आणि ब्रेकचीही, तीही नेमकी वळणावर. इंजिन आपोआप बंद पडले तर चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. ती काढली की पुष्कळ गाड्यांत सुकाणूला कुलूप पडते.