मोर कुठल्याच कार्डावर नसतो

घरातली सोलापुरी चादर एकदा उलटी करून बघा. वरून पांढऱ्यावर लाल मोर असेल, तर खालून लालावर पांढरा. मोर तोच, तेवढाच रेखीव, रंगांनी फक्त जागा बदललेल्या. ही छपाई नाही आणि भरतकामही नाही. कापड विणलं जातानाच मोर त्यात आलेला असतो. गंमत म्हणजे मागाला मोर म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि मागावरचा कामगारही त्या क्षणी मोर काढत नसतो. मग तो येतो कुठून?

हा प्रश्न व्हिजन बोर्डाशी, म्हणजे रोज नजरेसमोर राहावं म्हणून लावलेल्या ध्येयाच्या चित्रांशी, थेट जोडलेला आहे. कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलात तर भिंतीवर लाल दिव्याच्या गाडीचा फोटो, वर्दीतला अधिकारी, मोठ्या अक्षरात लिहिलेलं पद असं काही ना काही चिकटवलेलं दिसतं. कुणाच्या कपाटाच्या दारावर आतून नव्या घराचं चित्र असतं. २००६ साली रॉन्डा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ हे पुस्तक आलं आणि या चित्रांना एक तत्त्वज्ञानच मिळालं: रोज बघा, मनापासून हवंसं वाटू द्या, ते तुमच्याकडे ओढलं जाईल. मला त्या चित्रांची टिंगल करायची नाही. चित्रापासून सुरुवात करण्यात गैर काहीच नाही, सोलापूरचा अख्खा धंदा चित्रापासूनच सुरू होतो. प्रश्न पुढचा आहे: चित्र ठरल्यावर करायचं काय?

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहरात माग रुजवले आणि आज चादर, टॉवेल आणि भिंतीवर लावायची विणलेली चित्रं ही इथली ओळख आहे. देवांच्या नि पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांपर्यंत सगळं धाग्यात उतरतं. रीत अशी, की आधी नक्षी ग्राफ पेपरवर उतरवायची. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा: इथे ताणा वर की खाली? मोराची मान, डोळा, तुरा, सगळ्यांची उत्तरं याच दोन शब्दांत द्यायची.

मग एकेका आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड पंच होतं. मागावर बसवलेल्या जॅकार्ड नावाच्या यंत्रावर कार्ड येतं, तेव्हा समोर सुयांची रांग असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा उठतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. उठलेल्या नि बसलेल्या धाग्यांमधून धोटा सटकन जातो. पुढचं कार्ड. पुन्हा धोटा. कार्डांची माळ संपली की पहिल्यापासून सुरू, म्हणजे दुसरा मोर. आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याची जागा संगणकाने घेतली आहे, पण चौकोनाला विचारायचा प्रश्न तोच राहिला.

ही युक्ती फ्रान्समधल्या लिऑंच्या जोसेफ मारी जॅकार्डची, १८०४ च्या सुमाराची. १८३९ साली त्याच शहरात त्याचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती आणि घरी आलेल्या पाहुण्यांना तो ती दाखवायचा. बघणाऱ्याला ती कागदावरची छपाईच वाटायची. तशाच कार्डांवर चालेल असं गणनयंत्र बॅबेज आखत होता. आज ज्या फोनवर आपण व्हिजन बोर्डासाठी फोटो शोधतो, त्याच्या पूर्वजांत विणकराचा माग बसतो!

त्या माळेतलं कुठलंही एक कार्ड उजेडात धरा. चोच दिसणार नाही, पिसारा दिसणार नाही. दिसतील फक्त भोकं. मोर कुठल्याच कार्डावर नसतो. ध्येयाच्या दिशेने गेलेला एखादा मंगळवार असाच असतो, ध्येयासारखा अजिबात न दिसणारा. बोर्डाची अडचण नेमकी इथे आहे, कारण त्यावर आपण मोर लावतो, कार्ड लावत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेआधी काहींनी रोज थोडा वेळ उत्तम गुण मिळाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं, तर काहींनी स्वतःला अभ्यास करताना बघायचं. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. जर्मन संशोधक गॅब्रिएल ओटिंगन यांना वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांत याहून चमत्कारिक गोष्ट सापडली. आपल्याला जमेल असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्याची गोड दिवास्वप्नं जितकी रंगवली, तितकं ते कमी उतरलं. पुढे २०११ मध्ये हेदर कॅप्स यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की अशा सुखद कल्पनेनंतर रक्तदाबसुद्धा खाली येतो. अंग कामाला लागायच्या ऐवजी सैलावतं.

ओटिंगन यांचा उपाय चित्र फाडून टाका असा नाही. चित्र बघा आणि लगेच विचारा, माझ्यातलं काय आड येतंय? विणलेल्या चित्राचा ग्राफ काढणारा हेच करतो. एका रंगाचा मोठा सलग भाग आला, तर धागा लांबवर मोकळा राहणार, कुणाच्या तरी बांगडीत अडकून ओढला जाणार. म्हणून तो त्या सलग भागात मधूनमधून मुद्दाम उलटा चौकोन घालतो, तिथे धागा बांधला जातो. चित्र किंचित बदलतं, पण कापड टिकतं. अडथळा ग्राफवरच सोडवायचा, माग सुरू झाल्यावर नव्हे.

आणि कार्ड? ते मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं. १९९७ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत, नाताळच्या पूर्वसंध्येनंतर दोन दिवसांत, एक छोटा अहवाल लिहायचा होता. केव्हा नि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं, त्यांच्यातल्या जवळपास तीनचतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. इच्छा तेवढीच, पण जागा-वेळ न ठरवलेल्यांत हे प्रमाण एकतृतीयांशावर राहिलं.

तेव्हा वर्दीतला फोटो खुशाल राहू द्या. त्याच्या खाली एक चिठ्ठी लावा: ‘रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की मोबाइल आईकडे देऊन खिडकीजवळच्या टेबलावर गणिताची दहा उदाहरणं.’ आणि तिच्या शेजारी दुसरी, लाइट गेली तर काय करायचं याची.