लाकडावरचा पाऊस

ऐन आषाढात जामसंड्याहून वाडातरच्या पुलावर पोचावं आणि सर यावी, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. १८५७ साली हिरोशिगे या जपानी चित्रकाराने असंच दृश्य काढलं. एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, छत्र्या-टोप्यांखाली पळणारी माणसं आणि खाली पाण्यात एकटाच तराफेवाला. चित्र हाताने रंगवलेलं नाही, लाकडी ठशांनी छापलेलं आहे. ते कसं होतं, ते पायरीपायरीने पाहू.

आधी चित्रकार पातळ कागदावर नुसत्या रेषा काढून देतो. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. हा कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतात, कारण रबरी शिक्क्यासारखा ठसाही उलटाच लागतो. नवखा माणूस हमखास कागद सुलटा चिकटवतो. मग पूल ओलांडून आलेली माणसं छापात परत निघालेली दिसतात!

मग कोरीवकाम. रेषा तेवढ्या उंच ठेवायच्या, बाकीचं लाकूड काढून टाकायचं. मूळ चित्र यातच संपतं. त्या पुलावरच्या पावसाच्या रेघा दोन ठशांवर, किंचित वेगळ्या तिरकसपणाने कोरलेल्या आहेत. चेरीऐवजी आपल्याकडे शिवणीची फळी बघावी. आंब्याच्या पेटीची फळी हाताशी असते, पण ती घेऊ नये. लाकूड इतकं भरड की बारीक रेघ कोरायला गेलं, की रेघच उचकटून येते.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसायला हवेत. त्यासाठी प्रत्येक फळीवर दोन खाचा कोरतात, त्यांना 'केंतो' म्हणतात. एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी त्याच कडेला सरळ. कागदाचा कोपरा पहिलीत टेकवायचा, कड दुसरीला लावायची, मगच कागद खाली सोडायचा. बस्स, एवढीच युक्ती. पहिल्या ठशाच्या छापावर या खाचाही उमटवतात आणि तोच छाप रंगांच्या फळ्यांवर चिकटवून कोरतात, म्हणून जागा चुकत नाही.

तरी रंग सरकतो, तो कागदामुळे. कागद ओलसर करूनच छापतात. मध्येच तो सुकला की आकसतो आणि नदीचा निळा काठाबाहेर जातो. कागदाची चळत ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवावी, छापताना पंखा बंद करावा. पावसाळ्यात आपल्याकडे कागद आधीच सादळलेला असतो, तेव्हा पाणी बेतानेच.

आता छपाई. पाण्यातला रंग आणि थोडी तांदळाची खळ ब्रशने ठशावर पसरायची, कागद ठेवायचा आणि पाठीवरून 'बारेन'ने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेली चपटी चकती. घरी स्टीलच्या चमच्याची पाठ चालते. रंग जास्त झाला की बारीक रेघा बुजतात. बहुतेक छाप इथेच बिघडतात.

हिरोशिगेच्या चित्रात वरच्या काळ्या ढगाची कड विरत जाते, ती 'बोकाशी'. ठशावर पाणी फिरवून रंग एकाच बाजूला लावायचा. हे हाताचं काम, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुरुवात करावी. पोस्टकार्डाएवढी फळी आणि दोनच रंग पुरेत: एक खाडीला, एक होडीला. पाऊस पुढच्या वर्षी कोरू.