नाव डेल्टाचं, इशारा वऱ्हाडाचा

फेब्रुवारी २०२१. कोरोना ओसरला असं सगळीकडे वाटू लागलं होतं, आणि नेमके तेव्हाच वऱ्हाडात रुग्ण झपाट्याने वाढले. २१ तारखेला पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी जाहीर केली. पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूरही बंद झालं. ‘नवा स्ट्रेन आला म्हन्तेत’, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ब्राझीलचे प्रकार इथे सापडले नाहीत, असं राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलं. म्हणजे जे इथे नव्हते त्यांना नावं होती. जो होता तो बिननावाचा.

२४ मार्चला केंद्राने उलगडा केला: महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र आढळत होते. वृत्तपत्रांनी लगेच बारसं केलं, ‘डबल म्युटंट’. नाव फसवंच होतं, कारण बदल दोनाहून बरेच जास्त होते. शास्त्रज्ञांनी त्याला बी.१.६१७ म्हटलं, जगभरच्या बातम्यांत तो ‘इंडियन व्हेरिएंट’ झाला. १२ मे रोजी भारत सरकारने त्यावर हरकत घेतली.

हरकतीला आधार होता. रोगाला गावाचं, देशाचं नाव देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सुचवलं होतं. १९१८ च्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात, पण ती स्पेनमध्ये सुरू झाल्याचा पुरावा नाही. महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वृत्तपत्रांनी ती मोकळेपणाने छापली, इतकंच.

अखेर ३१ मे २०२१ ला संघटनेने ग्रीक अक्षरं वाटली. वऱ्हाडात चर्चेत आलेली बदलांची जोडी ज्यात होती, तो बी.१.६१७.१ ‘कप्पा’ ठरला आणि लवकरच मागे पडला. त्याचं भावंड बी.१.६१७.२ ‘डेल्टा’ होऊन जगभर पसरलं. दोन्ही प्रकार भारतातल्या नमुन्यांत ऑक्टोबर २०२० पासूनच होते. ओळख पटून नाव मिळेपर्यंत दुसरी लाट देशभर उसळली होती.

अमरावतीचं नाव या रोगाला चिकटलं नाही, हे योग्यच झालं. आधी बोंब ठोकणाऱ्यालाच दोषी ठरवलं, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. पण दुसऱ्या लाटेचा इतिहास लिहिताना, धोक्याची घंटा आधी वऱ्हाडात वाजली होती, याची नोंद मात्र व्हायलाच हवी.