खाणकामगारांचे इस्पितळ : दल्ली-राजहऱ्याची कहाणी

इस्पितळांच्या पाट्या वाचायची मला जुनी खोड आहे. पाटीवर बहुधा देणगीदाराच्या मातोश्रींचे नाव असते, नाहीतर एखाद्या देवाचे किंवा पुढाऱ्याचे. छत्तीसगढमधल्या दल्ली-राजहरा या खाणींच्या गावातल्या इस्पितळाच्या पाटीवर यांपैकी काहीच नाही. तिथे ‘शहीद अस्पताल’ असे लिहिलेले आहे. ज्या अकरा जणांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली ते १९७७ साली पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांचा लढा इस्पितळासाठी नव्हता. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला शंभर रुपये मिळावेत, आणि काम नसलेल्या दिवसांचीही काही मजुरी मिळावी, एवढ्याच त्यांच्या मागण्या होत्या.

‘लोकांचे इस्पितळ’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो. सरकारी इस्पितळ लोकांचे, धर्मादायही लोकांचे, आणि सहकारी साखर कारखान्याने काढलेले तर आणखीच लोकांचे. या सर्वांत रुग्ण हा घेणारा असतो आणि देणारा दुसरा कोणी असतो. रुग्णच मालक झाला तर काय होते, हा प्रश्न घेऊन मी या इस्पितळाविषयीचे लिखाण वाचत गेलो. इमारत बांधणे हा या कहाणीतला त्यातल्या त्यात सोपा भाग होता, असे माझे मत झाले आहे. खरी कसोटी औषधाच्या खिडकीशी लागली.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९५९ मध्ये सुरू झाला. त्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येई. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशातल्या दुर्ग जिल्ह्यात होता, आता बालोद जिल्ह्यात आहे. खाणीत दोन प्रकारचे कामगार होते. यंत्राने चालणाऱ्या खाणींतले कामगार कंपनीचे कायम नोकर होते. हाताने चालणाऱ्या खाणींत ठेकेदाराची माणसे होती. पुरुषांनी सबलीने आणि घणाने दगड फोडायचा, बायकांनी तो टोपल्यांतून वाहून ट्रकमध्ये भरायचा, अशी कामाची वाटणी असे. अशा मजूर स्त्रीला तिकडे ‘रेजा’ म्हणतात. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली ही हजारो आदिवासी आणि छत्तीसगढी माणसे फोडत होती ते खनिज एकाच भट्टीत जात होते. पण घर, पगार, बोनस आणि औषधोपचार या चारही बाबतींत ती वेगळ्या पंगतीला होती.

आणीबाणी संपता संपता बोनसच्या प्रश्नावर या कामगारांनी जुन्या दोन्ही मान्यवर संघटना सोडल्या आणि ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ स्थापन केला. नेता म्हणून त्यांनी शंकर गुहा नियोगी यांना बोलावून आणले. नियोगी मूळचे बंगालचे. भिलाईच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर छत्तीसगढमध्ये मजुरी करत राहिलेले आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले. २ जून १९७७ च्या रात्री पोलिसांनी त्यांना संघटनेच्या झोपडीतून उचलले. कामगारांनी मागे राहिलेल्या पोलिसांना घेरले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. मेलेल्या अकरांत अनसूयाबाई ही कामगार स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगाही होता.

संप मोडला नाही. मजुरी वाढत गेली, आणि त्याबरोबर एक वेगळीच अडचण उभी राहिली : वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्याकडे जाऊ लागला. संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. त्यात बायकांचा वाटा मोठा होता. मला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो, कारण कामगारांच्या संघटनेने कामगाराच्याच घरात आणि सवयीत शिरण्याचा हा पहिला प्रसंग. नियोगींनी त्याला ‘संघर्ष और निर्माण’ असे नाव दिले. संघटनेचे सतरा विभाग झाले. शिक्षण, बचत, खेळ, संस्कृती, आणि आरोग्यही.

आरोग्याच्या कामाला तातडीचे कारण मिळाले ते एका मृत्यूने. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई १९७९ मध्ये बाळंतपणात गेल्या. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर त्या वाचल्या असत्या, अशी कामगारांची धारणा होती. आपले स्वतःचे प्रसूतिगृह बांधायचे, हा निर्धार त्यानंतर झाला.

पण डॉक्टर कुठून आणायचे? १९८१ च्या सुमारास काही तरुण डॉक्टर तिथे येऊन राहिले. बिनायक सेन वेल्लोरला शिकलेले, होशंगाबादजवळ काम करून आलेले. आशीष कुंडू आणि पवित्र गुहा बंगालमधून आलेले. पुढे शैबाल जाना आणि पुण्यब्रत गुण आले. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या काळात ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ नावाचा डॉक्टरांचा गट जमला, त्यात सेवाग्रामचे उल्हास जाजू आणि अभय बंग होते, आणि बिनायक सेनही त्याच वर्तुळातले. डॉक्टरकी समाजाच्या बाजूने कशी करायची, याचा काथ्याकूट या मंडळींनी बरीच वर्षे केला होता.

डॉक्टर आले म्हणून लगेच इमारतीची पायाभरणी झाली नाही. आधी डॉक्टर आणि कामगार यांची समिती झाली, वस्त्यांमध्ये सफाई, पाणी, जुलाब यांवर सभा झाल्या. २६ जानेवारी १९८२ रोजी संघटनेच्या कार्यालयातल्या गॅरेजमध्ये ‘शहीद डिस्पेन्सरी’ सुरू झाली. इस्पितळाची इमारत कामगारांनी वर्गणीतून आणि खाणीतली पाळी संपल्यावर स्वतःच्या हातांनी बांधली. बाहेरच्या संस्थांचा पैसा त्यांनी घेतला नाही. उद्‍घाटन ३ जून १९८३ रोजी, म्हणजे गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, एका वयोवृद्ध खाणकामगाराच्या आणि एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या हस्ते झाले. सुरुवातीला खाटा पंधरा. घोषवाक्य होते : ‘मेहनतकशों के स्वास्थ्य के लिए मेहनतकशों का अपना कार्यक्रम’.

आता औषधाच्या खिडकीकडे येऊ.

अंगमेहनत करणारा माणूस थकतो, तेव्हा त्याला ‘ताकदीची सुई’ हवी असते. हे चित्र आपल्याकडेही कोणत्याही बाजाराच्या गावी दिसते. शेतमजूर बाई दवाखान्यात येते ती ‘एक सलाईन लावा’ म्हणतच. दल्ली-राजहऱ्यात वेगळे नव्हते. रांगेतला कामगार सुई मागत होता, आणि याच कामगाराने या दवाखान्याच्या विटा वाहिल्या होत्या. खासगी डॉक्टराला गिऱ्हाईक सांभाळायचे असते, म्हणून तो सुई देतो. सरकारी डॉक्टर खेकसून नाही म्हणू शकतो. पण आपल्या मालकाला नाही कसे म्हणायचे?

सलाईनच्या बाटलीत असते काय, ते एकदा पाहावे. साधे सलाईन म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. जेमतेम एक चमचा. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली घेतली तर अर्ध्या लिटरात पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. घरच्या एका भाकरीतून याहून अधिक मिळते. रक्तस्राव झाला, जुलाबांनी माणूस बेशुद्धीला आला, तर हीच बाटली जीव वाचवते. थकव्यासाठी लावली तर ती फक्त खिसा हलका करते आणि सुई अस्वच्छ असेल तर आजारही देते.

जुलाबाचेच घ्या. मिठाचे पाणी आतड्यातून नीट शोषले जात नाही, पण बरोबर साखर असली तर सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि मागोमाग पाणीही. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घरगुती औषध ते एवढेच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे मिश्रण पिंपांतून वाटले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून तीनेक टक्क्यांवर आले. शहीद अस्पतालच्या डॉक्टरांपैकी बरेचजण बंगालचे होते, त्यांना हा इतिहास नवा नव्हता. बाटलीऐवजी घरचे साखर-मीठ-पाणी, खोकल्याच्या गोड औषधाऐवजी कोमट पाण्याच्या गुळण्या आणि वाफारा, हे त्यांनी तिथे रुजवले.

रुजवले असे मी एका शब्दात म्हटले, पण ते हुकमाने झाले नाही. खाणकामगारांच्या घरातलेच तरुण-तरुणी आरोग्य कार्यकर्ते झाले. परिचर्या, मलमपट्टी, तपासण्या शिकले. सुई का नको, हे छत्तीसगढी बोलीत सांगणारा शेजारचाच मुलगा असेल, तर ते ऐकण्याची शक्यता वाढते. पोस्टर निघाली, पुस्तिका निघाल्या. शिवाय दारूबंदीच्या वेळी कामगारांना एक सवय लागलेली होती : आपल्याच माणसाने आपल्याला नाही म्हटले, तर त्यावर सभेत भांडता येते. हाथी समितीने १९७५ मध्ये देशाला पुरतील अशी शंभराहून थोडी अधिक औषधे सांगितली, जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये पहिली अत्यावश्यक औषधांची यादी काढली. त्या याद्यांवर मोठमोठ्या शहरांत परिसंवाद झाले. एका खाणीच्या गावात मात्र त्यांचा उपयोग झाला.

याचा एक भाबडा अर्थ काढू नये. सुई मागणारा अडाणी आणि देणारा लबाड, इतके हे सरळ नाही. सुईत ताकद असते हे त्या बाईला कुणीतरी डॉक्टरनेच शिकवलेले असते. आणि तिला खरोखर ताकद हवी असते. ती औषधात नाही, मजुरीत आहे. खाणीच्या धुळीने फुप्फुसात जे दगडी व्रण पडतात त्यांवर औषध नाही. इस्पितळ क्षय बरा करू शकते, धूळ थांबवू शकत नाही. ते काम संघटनेचे. इस्पितळ आणि संघटना एकाच अंगणात असल्याचा हा मोठा फायदा होता.

पुढच्या दहा वर्षांत इमारतीवर मजला चढला, खाटा वाढल्या, शस्त्रक्रिया होऊ लागल्या. खाणकामगारांपेक्षा भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी आणि आदिवासी रुग्ण जास्त येऊ लागले. वर्गणी त्यांची नव्हती, त्यांनी विटाही वाहिल्या नव्हत्या. त्यांना दारे बंद झाली नाहीत, हे मी मालकीचेच लक्षण मानतो; ज्याचे घर असते तोच पाहुण्याला आत घेऊ शकतो.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगींचा झोपेत गोळी घालून खून झाला. त्यानंतर संघटना पूर्वीसारखी राहिली नाही. खाणींत यंत्रे येत गेली. पूर्ण यांत्रिकीकरण नको, माणसांचे काम राखणारे अर्धे यांत्रिकीकरण हवे, असा नियोगींचा आग्रह होता, तो फार काळ टिकला नाही. हाताने दगड फोडणारे कमी झाले, जे कायम झाले ते निवृत्त झाले. डॉक्टरही पांगले. पुण्यब्रत गुण बंगालमध्ये परतले आणि तिथे त्यांनी श्रमिकांचे दवाखाने उभारायला हात लावला. बिनायक सेन आधीच छत्तीसगढच्या इतर भागांत काम करू लागले होते. त्यांची २००७ ची अटक देशभर गाजली. शैबाल जाना मात्र तिथेच राहिले. पंधरा खाटांचे इस्पितळ आज शंभरावर खाटांचे झाले आहे.

म्हणजे रुग्ण वाढले आणि मालक घटले. वर्गणीदार संघटना आक्रसल्यावर इस्पितळ चालवायचे कोणाच्या बळावर, पगार कसे द्यायचे, शहरात दसपट कमावू शकणारा तरुण डॉक्टर इथे का यावा, हे प्रश्न आता पंधरा खाटांच्या काळापेक्षा अवघड आहेत. १९७७ साली विशी-पंचविशीत असलेले कामगार आज सत्तरीत आहेत. गोळीबाराचा स्मृतिदिन आणि इस्पितळाचा वर्धापनदिन एकच, ३ जून. तेव्हा सबल चालवणारे आणि टोपल्या वाहणारे ते स्त्री-पुरुष आता धाप लागलेली छाती घेऊन त्याच खिडकीपुढच्या रांगेत उभे राहण्याच्या वयाचे झाले आहेत.