वनस्पतींची शास्त्रीय नावे : अर्थ आणि उपयोग

कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, त्यालाच देशावर हुलगा म्हणतात. पीक एक, नावे दोन. याच्या उलट, एरंड व मोगली एरंड हे एकाच झाडाचे प्रकार असावेत असे नावावरून वाटते. परंतु ती झाडे निराळी आहेत. असा घोटाळा टळावा म्हणून शास्त्रीय नावाचा आश्रय घ्यावा लागतो.

स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन शब्दांच्या नावाची पद्धत सर्व वनस्पतींना लावली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. हे शब्द बहुधा लॅटिन वा ग्रीक असल्यामुळे अवघड भासतात; पण त्यांचा अर्थ पुष्कळदा शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातलाच असतो.

हरभऱ्याचे नाव सिसर अरायटिनम. अरायटिनम म्हणजे एडक्यासारखे. चोच असलेला दाणा पाहिला म्हणजे एडक्याच्या डोक्याची आठवण होते. भुईमुगाच्या नावातील हायपोजिया म्हणजे जमिनीखालील; त्याच्या आऱ्या जमिनीत शिरून शेंगा तेथेच पोसतात. करडईच्या नावातील टिंक्टोरियस हा शब्द रंगाऱ्याच्या धंद्याचा; तिच्या पाकळ्यांपासून रंग काढीत असत. जवसाच्या नावातील युसिटाटिसिमम म्हणजे अत्यंत उपयोगी. त्यापासून तेल व धागा दोन्ही मिळतात. एरंडाचे रिसिनस हे नाव गोचिडाचे आहे. एरंडी हातात घेऊन पाहावी म्हणजे कारण कळेल.

मात्र नावाच्या अर्थावरून गुण ठरवू नयेत. मोगली एरंडाच्या जट्रोफा या नावात वैद्य व आहार या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत. तरी त्याच्या बिया विषारी असून त्या खाल्ल्याने मुलांना उलट्या व जुलाब होतात. हे झाड अनेक गावी कुंपणालाच असते. एरंडाच्या बियाही विषारीच आहेत. मुलाने अशा बिया खाल्ल्यास त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि हाताशी असल्यास झाडाची फांदी व बिया सोबत घ्याव्यात. नुसते ‘एरंड’ एवढे सांगितल्याने झाड कोणते, याचा डॉक्टरांना नक्की बोध होणार नाही.

शेतात अनोळखी तण आढळल्यास त्याची पाने, फुले व फळे असलेली फांदी वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवावी. गावाचे नाव, तारीख व स्थानिक नाव लिहून ती कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. शास्त्रीय नाव एकदा कळले, की त्या तणाविषयी इतरत्र मिळालेला अनुभव आपल्याही उपयोगी पडतो.